आज किती वाजता उठलात?

सकाळी ७.००

चहा उकळेपर्यंत फोनवर तक्ते आलेले असतात. बायपोलरचा आजार असलेली माझ्याकडची काही माणसं रोज पाच नोंदी पाठवतात: अंथरुणातून कधी उठलो, दिवसातल्या पहिल्या माणसाशी कधी बोललो, काम कधी सुरू केलं, रात्री कधी जेवलो, कधी आडवा झालो. मन कसं आहे, हे शेवटी एका आकड्यात. मनाबद्दल विचारलं की माणूस सवयीने ‘बरंय’ म्हणतो. पहाटे तीनला उठून गोठा झाडून काढल्याची नोंद मात्र मला आठवडाभर आधी सावध करते. आज तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराच्या तक्त्यात सलग दोन रात्री झोप चार तासांवर आली आहे. ते दुपारी येणार आहेत. मी त्यांच्या बायकोला एवढाच निरोप टाकते, ‘आज तुम्हीही या.’

मी सांगलीत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. औषध लिहून देणं माझ्या कामात बसत नाही, तो मनोविकारतज्ज्ञांचा अधिकार. त्यामुळेच माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक माणसांच्या मनात एक अपेक्षा असते: गोळ्यांशिवाय बरं करा. आजचा दिवस मी त्या अपेक्षेसाठी लिहून काढते आहे. सौम्य आणि मध्यम नैराश्यात ती पुष्कळदा पुरी होते. बायपोलरमध्ये गोळी बाजूला सारून मानसोपचार करणं मी नाकारते. मात्र त्या आजारातही मानसोपचाराकडे फार मोठं काम आहे आणि ते गोळीला करता येत नाही. इथे येणाऱ्या माणसांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, काही ठिकाणी दोघांचं एक केलं आहे.

सकाळी ९.३०

पहिली भेट नव्या बाईंची. माध्यमिक शाळेत शिक्षिका, वय चव्वेचाळीस, सोबत धाकटी बहीण. २०१९च्या महापुरात घर बुडालं तेव्हा त्या सगळ्यांना धीर देत होत्या. आता काही कारण नसताना वर्गात फळ्याकडे तोंड करून रडू येतं. बसल्या बसल्या म्हणाल्या, “मॅडम, डिप्रेशन आहे हे मला कळतंय. पण गोळ्या नकोत. सवय लागते म्हणतात.”

नैराश्यावरच्या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. त्या एकाएकी थांबवल्या तर त्रास होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी करायच्या असतात. एवढं सांगून मी प्रश्नावली काढते. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. पीएचक्यू-९ म्हणतात तिला. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तो मी कागदावर ठेवत नाही, तोंडाने विचारते आणि उत्तर येईपर्यंत थांबते. विचारल्याने तो विचार डोक्यात येतो, अशी भीती नातेवाइकांना वाटते. प्रत्यक्षात विचारलं की माणूस सुटकेचा श्वास टाकतो. बाईंचे १२ गुण झाले. मरणाचा विचार नाही. शाळेत जातात, स्वयंपाक होतो, पण सगळं ओढत.

अशा अवस्थेत सुरुवात बोलण्याच्या उपचाराने करायला हरकत नसते. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात: नैराश्य फार तीव्र नसेल तर रुग्णाची स्वतःची तशी इच्छा असल्याखेरीज पहिला उपाय म्हणून सरसकट गोळ्या देऊ नयेत. बाईंचा आग्रह म्हणजे अडाणीपणा नव्हे, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. मी सांगितलं.

त्याआधी एक प्रश्न मात्र मी कुणालाच सोडत नाही. “आयुष्यात कधी असे दिवस आले का, की तीन-चार तास झोपूनही थकवा नव्हता, डोक्यात कल्पना धावत होत्या, बोलणं थांबत नव्हतं, हातात पैसा टिकत नव्हता?” बाई ‘नाही’ म्हणाल्या. मी बहिणीकडे पाहिलं. तीही ‘नाही’ म्हणाली, जरा विचार करून. बायपोलर पुष्कळदा नैराश्याचं रूप घेऊन येतो. मी विचारला तसा उन्मादाचा काळ माणसाला आजार वाटतच नाही, म्हणून तो डॉक्टरला सांगत नाही. वर्षानुवर्षं नुसतं नैराश्य समजून उपचार चालू राहतात. त्यात नुसती नैराश्याची गोळी दिली तर काही जण उन्मादात फेकले जातात. म्हणून पहिल्या भेटीला घरचं माणूस मला हवंच असतं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ या तपासण्या त्यांच्या फॅमिली डॉक्टरकडून करून आणायला सांगितल्या. थायरॉइड मंद असेल तर माझ्या पन्नास मिनिटांनी तो सुधारणार नाही.

सकाळी ११.००

सत्तावीस वर्षांचा मुलगा, कडेगावकडचा. पुण्यात राहून राज्यसेवेची तयारी केली, पूर्वपरीक्षेच्या पुढे गेला नाही, गावी परतला. दार लावून मोबाइल पाहत पडून राहायचा. दीड महिन्यापासून येतो आहे.

त्याचा पहिल्या दिवसाचा प्रश्न होता, “उत्साह कधी येईल?” नैराश्यात माणूस उत्साहाची वाट पाहतो. उत्साह नाही म्हणून हालचाल नाही, हालचाल नाही म्हणून कुणी भेटत नाही, कौतुकाचा शब्द नाही, अंगाला ऊन नाही. मग मन आणखी खाली जातं. अमेरिकेतल्या पीटर लेविन्सन यांनी १९७०च्या दशकात या चक्राची मांडणी केली. उपचार उलट्या टोकाने सुरू होतो: आधी कृती, मग भावना. पण कोणती कृती? ‘व्यायाम कर, वाचन कर’ असं सांगणारे गावात शंभर असतात. आम्ही त्याच्या एका आठवड्याचा तासातासाचा तक्ता भरला आणि प्रत्येक तासाला जड-हलकं असं मोजलं. जवळजवळ सगळं जड. फक्त एका सकाळी, वडिलांना ताप होता म्हणून तो डेअरीवर दूध घालायला गेला, तो तास जरा हलका. का? संकलन केंद्रातल्या माणसाने त्याला फॅटचं मशीन बघायला बोलावलं होतं, आकडे जुळत नव्हते, याने जुळवून दिले.

तेव्हापासून सकाळचं दूध त्याचं. अभ्यासाचं नाव मी काढलं नाही. आज तो सांगत होता की केंद्रातली हिशेबाची वही आता तोच लिहितो.

हे एवढंसं वाटतं, पण याच्यामागे भक्कम काम आहे. नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखवलं, की विचार बदलण्याच्या पूर्ण उपचाराइतकाच गुण त्यातल्या नुसत्या कृतीच्या भागानेही येतो. आपल्या शेजारी गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने त्यावरून सहा ते आठ भेटींचा उपचार बेतला आणि मानसशास्त्राचं शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना तो शिकवला. प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर त्याची चाचणी झाली. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये तिचे निष्कर्ष आले: तीन महिन्यांनी उपचार घेतलेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर होते, नेहमीची सुधारित देखभाल मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. दहावी-बारावी शिकलेली, गावातली, समजूतदार माणसं हे काम करू शकतात, ही या अभ्यासातली मला सर्वात मोलाची वाटणारी गोष्ट. आपल्याकडच्या प्रत्येक आरोग्य केंद्रात असं एक माणूस असायला हवं, असं मला फार मनापासून वाटतं.

शेवटची पंधरा मिनिटं एका वाक्यावर गेली: “मी घरावर ओझं आहे.” अॅरन बेक या मनोविकारतज्ज्ञाने मनोविश्लेषणाच्या परंपरेत शिक्षण घेतलं होतं. निराश माणूस आतला राग स्वतःवर वळवतो, हा सिद्धान्त तपासायला त्याने रुग्णांची स्वप्नं गोळा केली. रागाऐवजी त्याला त्यांत हरणं, नाकारलं जाणं, काही हरवणं दिसलं, आणि मग रुग्ण जागेपणीही तेच बोलतात हे लक्षात आलं. तिथून आजची सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तनावर काम करणारी उपचारपद्धती, उभी राहिली. मीही मुलाशी वाद घालत नाही. “ओझं आहेस याचा पुरावा लिही, नसल्याचाही लिही,” एवढंच म्हणते. दुसऱ्या रकान्यात त्याने आईचं वाक्य लिहिलं, ‘तू दूध घालायला लागल्यापास्नं ह्यांचा गुडघा बरा हाय.’

जागा थोड्या आणि परीक्षा देणारे लाखो, हे माझ्या खोलीत बदलत नाही. त्याचं दुःख सगळंच विचारांच्या चुकीतून आलेलं नाही, हे मी त्याला स्पष्ट सांगते. बेकार मुलांना ‘पॉझिटिव्ह विचार कर’ म्हणणं क्रूर आहे.

दुपारी १२.३०

बागायतदार आणि त्यांच्या पत्नी. वय एक्केचाळीस, तीन एकर बाग. सहा वर्षांपूर्वी उन्मादाचा पहिला मोठा झटका आला तो ऑक्टोबर छाटणीनंतर. शेजारची दोन एकर बाग खंडाने घेतली, गरज नसताना ट्रॅक्टर बुक केला, रात्री दोनला व्यापाऱ्यांना फोन लावून दर ठरवले. मग तीन महिने अंधार: बागेत पाय ठेवला नाही. मनोविकारतज्ज्ञांनी लिथियम सुरू केलं. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी १९४९ साली उन्मादावर या क्षाराचा गुण नोंदवला, तेव्हापासून ते या आजाराचा मोठा आधार आहे. त्याची रक्तातली पातळी नेमकी ठेवावी लागते, मूत्रपिंड आणि थायरॉइड तपासत राहावं लागतं. उन्हाळ्याच्या खरड छाटणीत घाम जाऊन पाणी कमी पडलं, जुलाब झाले किंवा अंगदुखीच्या काही गोळ्या परस्पर घेतल्या तर पातळी धोकादायक चढू शकते. हे डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. ते शेताच्या वेळापत्रकात बसवून देणं माझं काम.

आणि झोप. पिट्सबर्गच्या एलेन फ्रँक यांनी बायपोलरसाठी जो मानसोपचार विकसित केला त्याचा गाभा हाच: रोजच्या वेळा विस्कटल्या की झोपेचं चक्र विस्कटतं आणि ज्याची प्रकृती तशी आहे त्याला झटका येतो. सकाळचा तक्ता त्यांच्याच पद्धतीचा. २००५ साली त्यांनी १७५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. झटक्याच्या काळातच या पद्धतीचा उपचार सुरू झालेली माणसं पुढे अधिक काळ बरी राहिली. ती सगळी औषधंही घेत होती, हे वाक्य मी कधी गाळत नाही.

पिट्सबर्गच्या तक्त्यात एक गोष्ट नव्हती: महावितरणची रात्रपाळी. शेतीपंपाची वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की हे बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जात. परवापासून तीच पाळी आहे, त्यात पाऊस झाला, दावण्या या द्राक्षावरच्या रोगाच्या भीतीने पहाटे ब्लोअर घेऊन औषध मारलं. झोप चार तास.

“पण मॅडम, मला थकवाच न्हाय,” ते म्हणाले. डोळे चमकत होते. पत्नी माझ्याकडे बघत राहिल्या.

“हेच तर आपण लिहून ठेवलंय,” मी फाइल उघडली. गेल्या वर्षी ते शांत असताना आम्ही तिघांनी एक कागद केला होता. पहिल्या खुणा: थकवा न लागणं, शाळेतल्या जुन्या मित्रांना फोन, बायकोचं बोलणं अर्ध्यात तोडणं. त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं. पानाच्या मागे पहिला पांढरा डाग दिसला की बागायतदार पूर्ण बाग जायची वाट पाहत नाही, असं मी तेव्हा म्हटलं होतं आणि त्यांनी मान डोलावली होती. खुणांखाली काय करायचं तेही होतं: दहाला आडवं व्हायचं, एटीएम कार्ड बायकोकडे, मोठी खरेदी दोन दिवस थांबवायची, मनोविकारतज्ज्ञांना त्याच दिवशी फोन.

त्यांनी कागद वाचला. बराच वेळ बोलले नाहीत. मग जे बोलले ते मला या आजारात सर्वात अवघड वाटतं. “ताप हुता तो, मान्य. पण तवा मी खरा मी हुतो. आता जो हाय तो गोळ्यातला हाय.”

त्यांना काय सांगायचं? उन्मादातला आत्मविश्वास, ती भरारी, माणसाने आयुष्यात चाखलेली असते आणि ती परत हवी असते. गोळी सोडण्यामागे विस्मरण किंवा हट्ट कमी असतो, ही ओढ जास्त असते. याला गोळी उत्तर देऊ शकत नाही. मी घाई केली नाही. तेव्हाचं काय काय खरं होतं, ते विचारलं. बाग नव्या पद्धतीने बांधायची कल्पना, माणसं जोडायची हौस, विनोद. यातलं आजही काय आहे? पत्नी पटकन म्हणाल्या, “विनोद हायेत की. पोरांना हसवत्यात रोज.” आजाराच्या आधीचा, आजारातला आणि आत्ताचा माणूस एकच आहे, हे पटायला काही भेटी नव्हे, वर्षं लागतात. हे शोकाचंही काम आहे, एका स्वतःच्या रूपाचा शोक.

निघताना ठरलं: मोटारीला मोबाइल स्टार्टर बसवायचा, तोवर रात्रीची पाळी भावाने करायची. पहाटेची फवारणी गड्याकडे. कार्ड तिथेच पाकिटातून काढून दिलं.

दुपारी २.१५

डबा खाता खाता त्यांच्या मनोविकारतज्ज्ञांना फोन. झोप, खुणा, कागद. ते आजच संध्याकाळी पाहतो म्हणाले, लिथियमची पातळी तपासायला सांगितली. चार मिनिटांचं बोलणं. आमच्या दोन व्यवसायांत स्पर्धा आहे असं रुग्णांना वाटतं, आणि काही ठिकाणी ती दिसतेही. त्याचा भुर्दंड रुग्ण भरतो.

दुपारी ३.३०

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातली मुलगी, बायपोलर, आईवडिलांसह. वडिलांचा मुद्दा एकच, लग्न लावून दिलं की ठीक होईल. मी सरळ सांगते: लग्न हा उपचार नाही, आणि आजार लपवून केलेलं लग्न दोन्ही घरांना महागात पडतं. मग घरात बोलायची तालीम. ‘किती वेळा सांगायचं तुला’ याच्या जागी काय म्हणता येईल? घरातली सततची टीका आणि झटके परत येणं यांचं नातं अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे. डेव्हिड मिक्लोविट्झ यांचा कुटुंबाबरोबरचा उपचार त्यावरच उभा आहे. वडिलांना जमलं नाही. आईला जमलं.

संध्याकाळी ५.००

मिरजेहून एका गृहस्थांचा फोन. बायको आठ दिवस बोललेली नाही, दोन दिवस पाणीही नीट घेत नाही, काल हळूच म्हणाली की मी गेलेली बरी. “मॅडम, तुमचं कौन्सेलिंग चालू करा, गोळ्या नकोत.”

इथे माझं उत्तर कठोर असतं. आज माझ्याकडे आणू नका, मनोविकार विभाग असलेल्या रुग्णालयात न्या, आत्ता. इतक्या तीव्र नैराश्यात माणसाला वाक्य ऐकून त्यावर विचार करायची ताकद नसते. औषध, कधी विद्युत उपचार, आधी ती ताकद परत देतात. मग बोलता येतं. त्यांना एकटं सोडू नका, घरातली औषधं आणि फवारणीची औषधं कुलपात ठेवा, असं सांगितलं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिला. मराठीतही बोलता येतं, रात्रीही. ते घाबरले होते: पोलीस येतील का? २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५व्या कलमानुसार, आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं जातं, आणि त्याची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य ठरतं. इथे तर प्रयत्नही झालेला नव्हता. साडेसहाला त्यांचा निरोप आला, दाखल केलं.

संध्याकाळी ६.४५

शेवटची भेट एका बँक कर्मचाऱ्याची, आणि त्यांच्या उपचारातलीही शेवटची. नैराश्य, पाच महिने, एकही गोळी न घेता. आज फक्त परतीच्या खुणांची यादी केली: रविवारची चुकवलेली क्रिकेटची मॅच, उचलायचे टाळलेले फोन, रात्री ‘का, का’ असा चालू होणारा रवंथ. नैराश्य एकदा आलं की पुन्हा येण्याची शक्यता वाढते, हे मी निरोपाच्या दिवशीही सांगते.

रात्री ८.००

नोंदी लिहून झाल्या. बागायतदारांच्या पत्नीचा निरोप आहे: डॉक्टरांनी पाहिलं, औषधात थोडा बदल, हे जेवले, झोपायला गेले.

वाचणाऱ्यांपैकी कुणाला माझ्यासारख्या कुणाकडे जायचं असेल, तर जाण्याआधी समोरच्या माणसाची रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंद आहे का ते विचारा. विचारण्यात संकोच नको. पहिल्या भेटीला तुम्हाला नीट ओळखणारं घरचं एक माणूस, जुन्या चिठ्ठ्या आणि गेल्या आठवड्यात तुम्ही किती वाजता उठलात-झोपलात याचा कागद घेऊन या. गोळ्या चालू असतील तर मानसोपचार सुरू झाला म्हणून त्या थांबवू नका. लिथियम एकाएकी बंद केलं तर उन्माद उसळून परत येऊ शकतो. गोळी कमी करायची इच्छा असेल तर ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांसमोर मोकळेपणाने बोला; एकट्याने बोलायला जड जात असेल तर तुमच्या मानसोपचारतज्ज्ञाला सोबत यायला सांगा. आम्ही येतो.